यरुशलेमचं जुनं स्टेशन

गेल्या पेसाखच्या सुट्टीत मी माझ्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन यरुशलेमला गेले होते. विमानतळावरून नवीन जलदगाडीत बसलो आणि अर्ध्या तासाच्या आत पोचलोसुद्धा. नवं स्टेशन जमिनीखाली 80 मीटर खोल. एका सरकत्या जिन्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर! नातू म्हणाला, "सफ्ता, तू लहान होतीस तेव्हाही असंच होतं?" मी म्हटलं, "चल, तुला माझं स्टेशन दाखवते." आणि बसने त्याला हेब्रोन रस्त्याकडच्या जुन्या स्टेशनवर घेऊन गेले.

हे स्टेशन 26 सप्टेंबर 1892 रोजी सुरू झालं. याफो ते यरुशलेम रुळाने सुमारे 87 किलोमीटर. त्याआधी यात्रेकरू घोड्यावर, गाढवावर, नाहीतर घोडागाडीतून हाडं खिळखिळी करत डोंगर चढायचे. सर मोझेस मॉन्टेफिओरी यांनीही इथे रेल्वे यावी म्हणून खटपट केली होती, पण जमलं नाही. जमवलं ते यरुशलेममध्येच जन्मलेल्या योसेफ नवोन यांनी. तुर्की सुलतानाचं राज्य होतं. नवोन कॉन्स्टँटिनोपलला जाऊन बसले, वर्षानुवर्षं खेटे घातले आणि 1888 मध्ये परवाना मिळवला. पण पैसा कुठून आणायचा? युरोपभर हिंडले, कोणी हात पुढे केला नाही. शेवटी परवाना एका फ्रेंच गृहस्थाला विकावा लागला आणि रेल्वे फ्रेंच कंपनीने बांधली. पुढे नवोन कर्जात बुडाले आणि पॅरिसला निघून गेले. (नव्या स्टेशनला यित्झाक नवोन हे नाव आहे, ते वेगळे, आपले पाचवे राष्ट्राध्यक्ष. मुलं गोंधळतात म्हणून सांगितलं.)

रूळ होते एक मीटर रुंदीचे. इंजिनं अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाहून आणलेली. गाडी साडेतीन-चार तास घ्यायची, कधी त्याहूनही जास्त. हिब्रूत आगगाडीला शब्दच नव्हता! तोराह आणि नवीईममध्ये 'रेखेव' म्हणजे रथ, त्यावरून 'राकेवेत' केला. आपल्याकडे तोवर रेल्वे जुनी झाली होती. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली, म्हणजे यरुशलेमच्या 39 वर्षं आधी. हे ऐकून नातवाला फार अभिमान वाटला. मग त्याला मशीद बंदरचीही गोष्ट सांगितली. आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. 1796 मध्ये मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग, शाआर हारहमीम, उभं राहिलं, आणि जवळच्या स्टेशनला त्यावरूनच मशीद नाव पडलं असं आपले वडीलधारे सांगत आले.

डॉ. थिओडोर हर्झल 1898 मध्ये याच स्टेशनवर उतरले. शुक्रवार होता, गाडीला उशीर झाला आणि शब्बाथ लागला. अंगात ताप, तरी शब्बाथला गाडीत बसायचं नाही म्हणून हर्झल काठी टेकत चालत मुक्कामी गेले. मी हे सांगितलं तर नातू म्हणाला, "मग फोन करून टॅक्सी का नाही बोलावली?" आता बोला!

पहिल्या महायुद्धात तुर्कांनी रेल्वेची मोडतोड केली, नंतर ब्रिटिशांनी मीटरचे रूळ काढून रुंद रूळ टाकले. 30 ऑक्टोबर 1946 ला इर्गुनच्या लोकांनी स्टेशनात बॉम्ब ठेवले. त्यात एक ब्रिटिश मेला. मेईर फाइनस्टाइन नावाच्या तरुणाचा हात गेला, आणि फाशीच्या आधी त्याने तुरुंगातच जीव दिला. 1948 च्या लढाईत गाडी बंद झाली. ऑगस्ट 1949 मध्ये पहिली गाडी पुन्हा यरुशलेमला आली तेव्हा तिच्यात पीठ होतं, सिमेंट होतं आणि सेफेर तोरा होते. मला ही तीन वस्तूंची गोष्ट फार आवडते. पोट, घर आणि देव, तिन्ही एका डब्यात.

आता माझी गोष्ट. आम्ही 1963 मध्ये आलियाह केली आणि रामलेला राहू लागलो. माझे पापा मुंबईत परळ वर्कशॉपला फिटर होते. इथे सिमेंटच्या कारखान्यात लागले, पण कान मात्र रेल्वेकडेच. रामलेला गाडी 1891 पासूनच आहे, याफोहून पहिला टप्पा रामलेपर्यंतच होता. संध्याकाळी शिटी वाजली की पापा म्हणायचे, "चालली बघ यरुशलेमला."

1964 च्या उन्हाळ्यात आपल्या बेने इस्राएल लोकांनी यरुशलेमला धरणं धरलं होतं. आजच्या मुलांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आपल्या मुलामुलींचं इतर यहुदी लोकांशी लग्न लावायच्या आधी त्यांच्या आज्या-पणज्यांची चौकशी करायची, असा नियम आपल्यावर निघाला होता. दोन हजार वर्षं कोकणात शेमा म्हटला, शनवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली म्हणवून घेतलं, आणि इथे येऊन आम्ही यहुदी आहोत का हे विचारायचं! बेरशेवा, दिमोना, लोद, सगळीकडून लोक निघाले. पापांनी एका दिवसाची रजा टाकली. आई म्हणाली, "पोरीला कशाला नेता?" पापा म्हणाले, "तिच्याच लग्नाचा प्रश्न आहे." मी तेव्हा नऊ वर्षांची!

डब्यात आपलीच माणसं. आईने पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी दिली होती, ती बेत शेमेशच्या आधीच संपली. मग गाडी सोरेकच्या दरीत शिरली. तोच शिमशोन आणि दलीलाचा सोरेक. गाडी इतकी वळणं घ्यायची की खिडकीतून पुढचं इंजिन दिसायचं. पापा म्हणाले, "खंडाळ्याचा घाट आठवतो का गं?" मला कुठला आठवतो. ते मात्र बाहेर डोकं काढून रूळ बघत राहिले. "आपले रूळ साडेपाच फुटांचे," म्हणाले, "हे कमी रुंद." पुढे बत्तीर गाव आलं. पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, बायका भाजी खुडतायत. तिथे सरहद्द रुळाला लागूनच होती, पलीकडे जॉर्डन. डब्यात सगळे गप्प झाले. (त्या पायऱ्यांच्या शेतांना 2014 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.)

स्टेशनवर उतरलो तेव्हा पापांनी आधी भिंतीवर हात ठेवला. मेझुझाला लावतो तसा. दगडी इमारत, मधे तीन कमानी, वर लाल कौलं. परळचा माणूस म्हणाला, "छोटं आहे, पण काम पक्कं आहे." मग सगळ्यांबरोबर आम्ही धरण्याला गेलो. ऊन फार होतं, एवढंच मला आठवतं, आणि एका म्हाताऱ्या बाईने माझ्या डोक्यावर आपला पदर धरला होता. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, आणि मग तो नियमही बदलला. पापांनी ते तिकीट तोराहच्या पुस्तकात ठेवलं होतं. घर बदलताना कुठे गेलं कोण जाणे.

1998 मध्ये स्टेशन बंद पडलं. 2005 ला गाडी पुन्हा सुरू झाली ती मालखापर्यंतच, जुन्या स्टेशनला आली नाही, आणि 2020 मध्ये तीही थांबली. मधल्या वर्षांत मी एकदा बघायला गेले होते. दारं-खिडक्या मोडलेल्या, फलाटावर गवत. इमारत पाडून तिथे मोठं बांधकाम होईल असं मला वाटत होतं. पण तसं झालं नाही. वारसा म्हणून दुरुस्ती केली आणि 2013 मध्ये 'हातहाना हारिशोना', म्हणजे पहिलं स्टेशन, या नावाने उघडलं. याफोचं स्टेशनही असंच नीट केलंय.

आता तिथे खाण्याची दुकानं, बाजार, गाणी-बजावणी. खरं सांगू, आधी मला राग आला. पापांनी हात ठेवलेल्या भिंतीपाशी लोक पिझ्झा खातात! शब्बाथला काही दुकानं उघडी असतात, त्यावरूनही वाद झाले. पण मग विचार केला, माणसं येतात म्हणून तर छप्पर टिकलंय. रिकामी इमारत पावसातच पडते, आपल्या कोकणातल्या घरांचं काय झालं ते आपण बघितलंय. आणि जुन्या रुळांवरून त्यांनी चालायची वाट केली आहे, ते मात्र फार छान. रूळ तसेच आहेत, मधे फळ्या घातल्या आहेत, शेजारून मुलं सायकली चालवतात. म्हाताऱ्यांना काठी घेऊन सहज चालता येतं, बसायला बाकंही आहेत. सकाळी जा, दुपारी ऊन लागतं.

जुने फोटो लावलेत ते सगळे बघितले. तुर्क आहेत, ब्रिटिश आहेत. आपले लोक मला कुठे दिसले नाहीत. नातवाने रुळाला कान लावून ऐकलं, काही ऐकू आलं नाही म्हणाला. मग त्याने पावलांनी रुळांची रुंदी मोजली आणि विचारलं, "पणजोबांच्या गाडीचे रूळ हेच का?" मी हो म्हटलं.

1964 च्या उन्हाळ्यात त्या गाडीने यरुशलेमला गेलेले जे कोणी अजून आपल्यात आहेत, किंवा ज्यांच्या घरी त्या दिवसांचा एखादा फोटो, एखादं तिकीट असेल, त्यांनी कृपा करून या पत्रिकेच्या पत्त्यावर कळवावं. आणि ती पदर धरणारी बाई कोण होती हे कोणाला ठाऊक असेल, तर तेही. नऊवारी नेसल्या होत्या, बहुतेक लोदच्या.