कार्सन सिटीचा डॉलर

जुनं नाणं हातात आलं की दोन प्रश्न विचारायचे असतात आणि त्यांची सरमिसळ होऊ द्यायची नसते. नाणं अस्सल आहे का, हा पहिला. त्याची अवस्था कशी आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंचसं धातूच देतो. दुसऱ्याला नजर लागते, आणि ती तयार व्हायला वर्षं जातात. रेनोला राहायला आल्यापासून मी अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर बघत आलो आहे. पण हे दोन प्रश्न एकाच नाण्यावर इतके स्पष्ट उभे राहिलेले पाहिले ते शेजारच्या आजींच्या डॉलरवर.

आजी नेवाडातल्याच. त्यांचे वडील इथल्या एका कसिनोत नोकरीला होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नेवाडातल्या जुगाराच्या टेबलांवर खरेखुरे चांदीचे डॉलर फिरत. त्यातलाच एक वडिलांनी बाजूला ठेवला होता. ‘‘नातवाला द्यायचाय. पण खोटा देऊन फसवायचं नाही मला त्याला. तू बघ आणि खरं काय ते सांग,’’ असं म्हणून आजींनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

मॉर्गन डॉलर होता. जॉर्ज मॉर्गन यांनी घडवलेलं हे नाणं १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलं गेलं. एका बाजूला लिबर्टीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. आजींच्या नाण्यावर साल होतं १८८९. मी ते उलटं केलं, तर गरुडाखालच्या पर्णमालेच्या गाठीच्या खाली दोन बारीक अक्षरं दिसली : ‘सीसी’. म्हणजे कार्सन सिटीची टांकसाळ, आमच्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवरची. कॉमस्टॉकच्या खाणींतली चांदी जवळच निघत होती, म्हणून ही टांकसाळ तिथे उभी राहिली. १८८५ मध्ये तिथलं नाणी पाडणं थांबलं आणि १८८९ च्या शरद ऋतूत पुन्हा सुरू झालं. त्यामुळे त्या सालचे डॉलर तिथे पडले अवघे साडेतीन लाख. फिलाडेल्फियात त्याच वर्षी दोन कोटींहून जास्त पडले, आणि त्यांच्यावर टांकसाळीचं अक्षर नसतं.

धोका नेमका इथेच आहे. फिलाडेल्फियाचं स्वस्त नाणं घ्यायचं, त्यावर दोन अक्षरं चिकटवायची आणि दुर्मीळ म्हणून विकायचं. असं नाणं वजनाला बरोबर भरतं, चांदीही अस्सल असते, खोटी असतात ती फक्त दोन अक्षरं. म्हणून ‘चांदी खरी आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या माणसाला या सालचा डॉलर दाखवू नये, असं माझं ठाम मत आहे.

तरी सुरुवात वजनापासूनच करावी. नव्या मॉर्गन डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, त्यात ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. आजींचा डॉलर भरला २६.४ ग्रॅम. वापरून झिजलेल्या नाण्याला एवढी घट शोभते. उलट, झिजलेलं नाणं काट्यावर नव्याइतकं भरलं तर मला शंका येते. मग पाण्यातलं वजन. दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवलं तेव्हा ते अडीच ग्रॅमच्या किंचित वर कमी झालं, म्हणजे घनता १०.३ च्या आसपास. या मिश्रणाची घनता तेवढीच असते. चांदीचा मुलामा दिलेलं पितळ इथेच उघडं पडतं. नाणं तिरपं धरून त्यावर छोटा शक्तिशाली चुंबक सोडला, तर तो चिकटला नाही, पण अडखळल्यासारखा हळूहळू खाली सरकला. चांदीवर तो असाच सरकतो. कडेच्या रेघा सलग होत्या, कुठे सांधा नव्हता.

फरशीवर आपटून मी नाणं वाजवत नाही. कसोटीच्या दगडावर तर ते कधीच घासू नये. सराफाला चांदीचा कस हवा असतो, तिथे ते चालतं. नाण्याच्या बाबतीत एक ओरखडा म्हणजे कायमचं नुकसान.

आता अक्षरं. टांकसाळीत अक्षर साच्यातच कोरलेलं असतं, त्यामुळे ठशाच्या दाबाने नाण्याचा पृष्ठभाग आणि अक्षर एकाच धातूतून वर येतात. पृष्ठभाग अक्षराच्या भिंतीवर न तुटता चढत जातो. चिकटवलेल्या अक्षराच्या पायाशी मात्र केसासारखी फट दिसते किंवा भोवतीचा रंग बदललेला असतो. कधी तिथे घासल्याच्या खुणा सापडतात. दहापट भिंगाखाली नाणं सगळ्या बाजूंनी फिरवत, दिव्याचा कोन बदलत मी दोन्ही ‘सीं’चे पाय तपासले. फट नव्हती. अक्षरांची डोकी आजूबाजूच्या पानांइतकीच झिजली होती. मळ बसला होता तोही जुना, एकसारखा. नाणं अस्सल होतं. माझे हात थरथरत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न मात्र अजून बाकी होता.

झीज बघायची ती उंच भागांवर : कानाच्या वरचे केस आणि गरुडाची छाती. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. न्यू ऑर्लिन्सला पडलेल्या कित्येक डॉलरांवर हेच भाग मुळातच अस्पष्ट उठलेत, कारण ठसा जोरात बसला नव्हता. अशा वेळी झळाळीकडे बघायचं. न वापरलेलं नाणं दिव्याखाली फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. ते उंच भागावरही अखंड दिसले तर ती झीज नव्हे. आजींच्या डॉलरवर केस एकमेकांत मिसळले होते, छातीची पिसं सपाट झाली होती, पंखांची पिसं मात्र मोजता येत होती. नाण्याची अवस्था ठरवायच्या सत्तरच्या मापावर मी त्याला पंचवीसच्या आसपास धरलं असतं.

धरलं असतं, पण नाणं चकाकत होतं. एवढं फिरलेलं चांदीचं नाणं राखाडी असतं, खोलगट जागी काळपट. हे पांढरं शुभ्र होतं. एकाच दिव्याखाली तिरपं करताच सगळीकडे बारीक रेघांचं जाळं दिसलं आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत जुना काळेपणा तेवढा शिल्लक होता. मी विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, ‘‘आई दर नाताळला चांदीच्या भांड्यांबरोबर यालाही पॉलिश करायची.’’ प्रेमापोटीच केलं होतं. पण घासताना वरचा थर निघून जातो तो कोणत्याही उपायाने परत येत नाही.

मी त्यांना दोन्ही उत्तरं सांगितली आणि नाणं परीक्षणासाठी पाठवायचा सल्ला दिला. काही आठवड्यांनी ते सीलबंद पेटीत परत आलं. शेरा होता : अस्सल, पण साफ केलेलं. अशा नाण्याला अंकातली प्रत मिळत नाही आणि न घासलेल्या जोडीदारापेक्षा किंमतही बरीच कमी येते. आजींनी ते नातवालाच दिलं.

या डॉलरचा आपल्याशी एक खरा संबंध आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांसाठी चांदी कमी पडली, नोटा बदलून घ्यायला लोक गर्दी करू लागले. तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांना विकली. ती मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत येऊन रुपये झाली. एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये बसतात. कोणत्या सालचे किती डॉलर त्या भट्टीत गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही.

पंचम जॉर्जचे ते रुपये आपल्याकडे असंख्य घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात आहेत. आमच्या नगरच्या घरी आई ते चिंच आणि रांगोळीने लख्ख घासायची, अजूनही पुष्कळ घरांत हेच चालतं. माझी विनंती आहे : यंदा पूजेआधी ते घासू नका. कोमट पाण्यात बुडवून काढा, मऊ कापडाने चोळू नका, नुसतं टिपा, आणि काळे आहेत तसेच ताटात मांडा.