वाफसा

सफकमधल्या त्या ‘विमानतळा’वर काय होतं? गव्हाच्या दोन शेतांमधली चारशे मीटर गवताची पट्टी, एक विटका विंडसॉक आणि लँडिंग फी टाकायला कुंपणाला बांधलेला पत्र्याचा डबा. बस्स. इंग्लंडच्या खेड्यांत अशा खासगी पट्ट्या भरपूर आहेत. मालकाला आधी फोन करायचा, गवत कापलंय का, मेंढ्या आत आहेत का विचारायचं, मग उतरायचं. वर्षातून २८ दिवसांपर्यंत शेत असं वापरायला सहसा नियोजन परवानगीही लागत नाही.

मी इथे कोड लिहितो. मायक्रोलाइटच्या लायसन्ससाठी किमान २५ तास उडावं लागतं, त्यातले १० एकट्याने. ते दोन उन्हाळ्यांत पूर्ण केले. घरी सांगितलं नव्हतं. बार्शीला आमच्या विहिरीचं काम पैशांवाचून अडलं होतं आणि मी इथे पैसे उडवत होतो, अगदी शब्दशः.

त्या रविवारी उतरलो आणि पाऊस आला. तासाभराने थांबला. सोमवारी सकाळी माझं रिलीज होतं. सोबतचा मित्र म्हणाला, “पायलट तू आहेस, तू ठरव.”

कागद काढला. दोघांना घेऊन ५० फूट उंची गाठायला कोरड्या, पक्क्या धावपट्टीवर २०० मीटर लागतात. ओल्या गवताचे गुणिले १.३. मऊ जमिनीचे १.२५. वर सुरक्षिततेचे १.३३. उत्तर ४३२. पट्टी ४००, आणि टोकाला ओकची झाडं. शेवटचा गुणक सोडला तर ३२५. बसतंय की! ऑफिसात अशी सूट मी कितीदा तरी घेतलीय.

तेवढ्यात आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. मागे विमान दिसत होतं. सांगून टाकलं सगळं. ते बराच वेळ गप्प होते.

“पाऊस कधी झाला?”

“आत्ताच.”

“टाच रुतवून बघ.”

रुतवली. खड्ड्यात पाणी चढलं. कॅमेऱ्यात दाखवलं.

“वाफसा नाही. अशात मी ट्रॅक्टर घालत नाही वावरात.”

फोन ठेवून ब्रिटिश विमान प्राधिकरणाचं पत्रक पुन्हा उघडलं. मऊ जमिनीपुढे लिहिलं होतं, २५ टक्के किंवा जास्त. ते ‘किंवा जास्त’ मी वाचलंच नव्हतं. कोडमध्ये त्याला जागा नसते.

विमान दोरांनी बांधून ठेवलं, मालकाला सांगितलं आणि ट्रेन पकडली. ट्रेनमध्ये आप्पांना मेसेज केला, उडायला तासाला किती पैसे पडतात तो. त्यांनी विचारलं नव्हतं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. आईशी बोलणं व्हायचं, आप्पा फोनवर येत नव्हते.

शनिवारी सकाळी त्यांचा मेसेज आला.

“झाला का वाफसा?”