नम्रतेचे व्याख्यान

मांडव्याच्या धक्क्यावर आम्ही एका खलाशावर संतापलो, त्या वेळी आमच्या खिशात ख्रिस्ती नम्रतेवरील व्याख्यानाची टिपणे होती. मुंबईतील एका मंडळीपुढे ते सायंकाळी द्यावयाचे होते. वैशाख सरत आला होता, वारा पिसाळला होता, आणि लाँच सुटणार नाही असे त्याने सांगितले. धरमतरच्या खाडीला वळसा घालून पेणवरून जावे, तर तेवढा वेळ हाती नव्हता. आम्ही आमचा हुद्दा, कार्याचे महत्त्व, श्रोत्यांची आतुरता, सर्व काही त्यास ऐकविले. तो म्हणाला, "साहेब, दर्या नाय म्हनला की नाय," आणि दोर गुंडाळू लागला.

निरुपायाने बाकावर बसून आम्ही पिशवीतले पुस्तक काढले. पंडिता रमाबाईंचा हा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. व्याख्यानाच्या शेवटी बाईंचा दाखला देण्याचे आम्ही योजिले होते: तारुण्यात मानी असलेली विदुषी उतारवयात देवापुढे लीन झाली, असा तो सोयीचा पाठ. पत्रे पुन्हा वाचू लागलो आणि तो पाठ हातचा निसटला.

1883 साली वाँटेज येथे बाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन. त्यांनी बाईंवर मनापासून माया केली, हे नाकारता येत नाही. परंतु शिष्येने निमूटपणे ऐकावे ही अपेक्षाही त्या मायेत होती. बाई त्रैक्याचा सिद्धान्त पटल्यावाचून मानीनात, मांसाहार करीनात, क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत का नसावे असे विचारीत. बिशपांचा शब्दही त्यांना विवेकबुद्धीहून मोठा वाटेना. ह्या सर्वांवर जेराल्डीनबाईंनी एकच निदान केले: गर्व. आम्हीही आजवर तेच मानीत आलो होतो.

पण गर्विष्ठ मनुष्य स्वतःला शेवटचा अधिकारी समजतो. बाई तर सदैव आपल्याहून वरच्या अधिकाऱ्याचाच हवाला देत होत्या. मधल्यांना त्याच्या जागी बसवावयास तेवढ्या तयार नव्हत्या. त्याची कसोटी पुढे केडगावास लागली. मुक्तिसदनाचा भार जिच्या खांद्यावर सोपवावयाचा, ती एकुलती कन्या मनोरमा 1921 साली वारली. बाई तेव्हा थकलेल्या, कानांनी अधू. हिब्रू आणि ग्रीक शिकून चालविलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी तरीही सोडले नाही. ते तडीस नेऊनच 1922 च्या एप्रिलात त्यांनी डोळे मिटले. गेथशेमाने बागेतील प्रार्थनेवर आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, स्वतःही दोन-तीन केली आहेत. तिचा अर्थ केडगावच्या त्या अखेरच्या महिन्यांत अधिक स्पष्ट दिसतो. वाँटेजला न वाकलेली मान येथे कोणी न सांगता वाकली. आणि हे मागाहून आलेले शहाणपण नव्हे, मान तीच होती. अंतर पडले होते ते पुढे उभे राहणाऱ्यांत.

नम्रतेचा उपदेश बहुधा वरून खाली का वाहतो, हा प्रश्न आम्हांस पन्नाशी उलटेपर्यंत पडू नये, ह्याचे नवल वाटले. लगेच एक जुनी गोष्ट आठवली, ती मात्र नवलाची नव्हती. दोन वर्षांपूर्वी आमच्या हाताखालील एका तरुण अध्यापकाने भर सभेत आमची एक चूक दाखविली होती. चूक खरी होती. सभेनंतर आम्ही त्यास बाजूस घेऊन, अगदी पित्याच्या मायेने, ख्रिस्ती मनुष्याने थोडे नम्र असावे असे सांगितले. तो मान खाली घालून गेला, आणि पुढे दुसऱ्या महाविद्यालयात निघून गेला. आम्ही ते आमच्या उपदेशाचे यश मानले होते.

वारा पडण्याचे चिन्ह दिसेना. व्याख्यानाची वेळ टळून गेली. टिपणांच्या कागदांची मागील बाजू कोरी होती, तिच्यावर आम्ही त्या अध्यापकास पत्र लिहावयास घेतले. मायना 'चिरंजीव' असा घालावा की 'महाशय', ह्यातच अर्धा तास गेला. शेवटी 'महाशय' लिहिले. खलाशी एकदा जवळ येऊन गेला. चहा हवा का, एवढेच त्याने विचारले.