चार बॉल आणि चोरीचा बेस

राहुरी तालुक्यातल्या एका शाळेत चौदा वर्षांखालच्या मुलांचा बेसबॉलचा संघ माझ्याकडे आला. मुलं सगळी क्रिकेटवाली. चेंडू टोलवला की बॅट हातात घेऊनच पहिल्या बेसकडे सुटायची. काही जण फटका मारून तिथेच उभे. ‘‘सर, रन निघत नाही!’’ इथे चेंडू मैदानात गेला की पळावंच लागतं, हे पटायलाच बरेच दिवस गेले.

आधी मैदान लहान केलं. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमध्ये 90 फूट असतात. आम्ही सॉफ्टबॉलसारखे 60 ठेवले, क्रिकेटच्या खेळपट्टीहून थोडे कमीच. ते लगेच जमलं.

खरी पंचाईत पिचरची. स्ट्राइक पडेचना. स्ट्राइकच्या चौकटीबाहेरचे चार चेंडू, म्हणजे चार बॉल, झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर. एकामागून एक सगळे चालतच होमला यायचे आणि बाकीची पोरं बुटाने माती उकरत उभी. मग ठरवलं, चार बॉल झाले की पुढचा चेंडू मी टाकणार. ग्लोव्ह कामाला लागले. पण पिचर निवांत झाला, सर आहेतच! म्हणून भिंतीवर चुन्याने चौकोन आखला. रोज आधी त्यात चेंडू मारायचा, मग खेळ.

बेस चोरायला, म्हणजे फटका नसताना पुढच्या बेसकडे पळायला, आमच्याकडे मात्र आधीपासूनच बंदी होती, लहान मुलं गोंधळतात म्हणून. त्यात कॅचर कच्चा राहिला. चेंडू सुटला तरी कुणी पळत नाही, मग गुडघे टेकून अडवायचा कशाला? जिल्ह्याच्या स्पर्धेत समोरच्यांनी हे पहिल्याच डावात हेरलं. आमचा कॅचर मागे चेंडू शोधतोय आणि त्यांचा गडी तिसऱ्या बेसवर. पोरगं रडवेलं झालं. मलाही त्याच्याकडे बघवेना.

परत आल्यावर बंदी उठवली, पण अर्धीच. आधी फक्त तिसरा बेस चोरायचा. होमपासून तो 60 फूट. दुसरा समोरच्या कोपऱ्यात, जवळजवळ 85 फूट. एवढी फेक या वयात सगळ्यांच्या खांद्यात नसते. तिसऱ्यावरची फेक बसली, मग दुसराही खुला केला.

नवा संघ करत असाल तर पहिले पैसे कॅचरच्या मास्कवर आणि छातीच्या पॅडवर घाला. बॅट नंतर घेता येते. मास्क नसताना मुलाला चेंडूसमोर बसवू नका.