दशाश्वमेधावरील उन्हाळ्याची संध्याकाळ

उत्तर हिंदुस्थानातील वैशाख-ज्येष्ठाचे दिवस ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना काशीच्या दुपारविषयी अधिक सांगावयास नको. लू वाहत असते, गल्ल्यांतील दुकानांची दारे अर्धी लोटलेली असतात आणि घाटाचे दगड असे तापतात की, त्यांवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. तरीही याच दिवसांत आपणांस काशीस जाण्याचा योग आला, तर निराश होऊ नका. दुपारभर विसावा घ्या आणि पाच वाजून गेल्यावर गोदौलियाच्या चौकातून दशाश्वमेध घाटाची वाट धरा.

येथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि जुने नगर तिच्या पश्चिम तीरावर वसले आहे. घाट पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळचे ऊन थेट पायऱ्यांवर येते. पण सूर्य कलला म्हणजे उंच वाड्यांची व देवळांची सावली एकेक पायरी उतरत पाण्याकडे निघते आणि तिच्या मागोमाग माणसेही उतरू लागतात. मुले पाण्यात उड्या घेतात, नावाडी गिऱ्हाइकांना हाका घालतात, बांबूच्या मोठ्या छत्र्यांखाली घाटिये सावकाश आपली आवराआवर करतात. कोणी मातीच्या कुल्हडातून चहा घेतो, कोणी नुसताच बसून राहतो. लग्नसराई असेल, तर नवी जोडपी शीतलामातेच्या दर्शनास आलेली दिसतील. काशीत बागा नाहीत असे नाही. परंतु या नगराची खरी बाग हीच. तिला कुंपण नाही, फाटक नाही आणि आत यावयास तिकीटही लागत नाही.

कलादालनही हेच. उत्तरेस लागूनच मानमंदिर आहे. अंबरच्या राजा मानसिंहाने बांधलेल्या या वाड्याचा कोरीव दगडी झरोका अवश्य पाहा. याच्याच गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. घाटाकडून परतताना गल्लीतील घरांच्या दारांकडेही लक्ष असू द्या. घरी लग्न निघाले म्हणजे दाराच्या दोन्ही अंगांस गणपती, हत्ती, कलश, मासे रंगविण्याची येथे जुनी रीत आहे. हे चित्र येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांसाठी असते.

ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध केले, अशी पुराणकथा आहे. इतिहाससंशोधक काशीप्रसाद जायसवाल यांनी या नावाचा संबंध भारशिव राजांच्या यज्ञांशी जोडला. पण मराठी वाचकाला ही जागा आणखी एका कारणाने जवळची वाटेल. 1748 साली नानासाहेब पेशव्यांनी हा घाट पक्का बांधविला आणि 1774 मध्ये अहिल्याबाई होळकरांनी त्याचा विस्तार केला. शेजारीच त्यांच्या नावाचा घाट आहे, तर थोडे पुढे नागपूरच्या दरबारातील श्रीधर नारायण मुनशी यांच्या नावाचा मुनशी घाट. काशी आपल्या ताब्यात यावी, ही पेशव्यांची मोठी आकांक्षा होती; ती पूर्ण झाली नाही. राज्य हाती आले नाही, पायऱ्या मात्र राहिल्या. आणि त्या पायऱ्यांवर आज बंगाली आजी, तमिळ यात्रेकरू, बिहारचा शेतकरी आणि आपण एकाच दगडावर शेजारी बसतो. सत्तेपेक्षा दान अधिक काळ टिकते, हे येथे कोणी न सांगताच कळते.

सातच्या सुमारास आरतीची तयारी होते. पाटांवर उभे राहिलेले तरुण पुजारी शंख फुंकतात. धूप, दीप, चवऱ्या, मोरपिसांचे पंखे यांच्या एकसारख्या हालचाली पाहताना डोळे निवतात. आज हा सोहळा अनादि काळापासूनचा वाटतो. परंतु त्याचे हे भव्य रूप विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील आहे. नवी गोष्टही प्रेमाने केली की, परंपरेत मिसळून जाते.

मात्र एक काळजी मनात ठेवूनच येथून उठावे. नदी निर्मळ करण्यासाठी 1986 साली गंगा कृती योजनेचा आरंभ याच काशीत झाला, 2014 पासून नवा प्रयत्न चालू आहे. तरीही काम संपलेले नाही. दिवा सोडावयाचा असेल, तर पानाचा द्रोणच घ्या. प्लास्टिकची पिशवी परत आपल्याबरोबर न्या. बिनतिकिटाच्या बागेचा माळी कोण? जो तेथे बसतो तोच.

आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या नदीकडे एकदा जाऊन या. वाईस कृष्णेचे घाट आहेत, मेणवलीस नाना फडणविसांनी बांधविलेला घाट आहे, नाशिकास गोदावरी आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तेथेही सावली उतरते. मुलांना घेऊन त्या पायऱ्यांवर घटकाभर बसा. काशी आपल्या दारापासून फार दूर नाही, असे आपणांस वाटू लागेल.