पाणी ३९ फुटांवर आलं की निघायचं!

कोल्हापूरकरांनो, पावसाळा तोंडावर आलाय. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याला पाठ आहे. पण घर कधी सोडायचं, कुणी कुणाला उचलायचं, हे किती घरांत ठरलंय?

ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, महामार्ग बंद पडला. त्याच महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढतानाच बोट उलटली, जीव गेले. म्हणून बोटीची वेळ येऊच द्यायची नाही. चालत जाता येतंय तोवर निघायचं.

आमच्या गल्लीनं गेल्या रविवारी सराव केला. शाळेपर्यंत पोरं दहा मिनिटांत पोचली. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना खुर्चीतून न्यायला चाळीस मिनिटं लागली, निम्मी जिन्यातच. म्हशीवाले म्हणाले, "जनावरं सोडून आम्ही हलणार न्हाई." मग यादी उलटी केली. आधी आजारी, म्हातारी माणसं. जनावरांची जागा आत्ताच ठरली. आजींसाठी चार पोरांची नावं लिहून ठेवलीत.

तालीम मंडळांनो, गणपतीला महिनाभर राबता. एक रविवार यालाही द्या.