कागदाविना कवी: नामदेवांचे शब्द कोणी जपले?

१/
हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. वारकरी परंपरा संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून याच गावाकडे पाहते; गावाचे नावही आता 'नरसी नामदेव' असेच रूढ झाले आहे. ऐंशी वर्षांचे आयुष्य, पंजाबपर्यंतचा प्रवास आणि नावावर दोन हजारांहून अधिक अभंग. परंतु या कवीच्या हस्ताक्षरातील एकही ओळ आज उपलब्ध नाही.

२/
या उणिवेचा अर्थ एका दूरच्या उदाहरणाने उमगतो. अमेरिकन कवयित्री व संपादक हॅरिएट मन्रो यांनी १९१२ साली शिकागोत 'पोएट्री' हे मासिक सुरू केले. मासिकाचा पत्रव्यवहार आणि हस्तलिखिते आज शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. टी. एस. एलियट यांची पहिली महत्त्वाची कविता १९१५ साली तिथे छापली गेली, तेव्हा एझ्रा पाउंड यांनी तिच्यासाठी किती आग्रह धरला, संपादक किती साशंक होत्या, हे त्या पत्रांतून कळते. कवितेमागचा सारा व्यवहार तिथे कागदावर उतरलेला आहे.

३/
नामदेवांच्या बाबतीत असे दप्तर नाही, कारण त्यांची कविता मुळात कागदासाठी नव्हतीच. ती कीर्तनासाठी होती. टाळ, वीणा, उभा कीर्तनकार आणि समोर दाटलेला समुदाय, हेच तिचे प्रकाशन. अभंग म्हटला गेला, श्रोत्याने उचलला, दुसऱ्या गावी पुन्हा म्हटला. पाठांतर हेच त्याचे भांडार होते.

४/
तरीही लेखणी अगदीच दूर नव्हती. जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले, याची चक्क यादी आहे. ज्ञानेश्वरांचे चिदानंदबाबांनी, सावता माळ्यांचे काशीबा गुरवांनी, चोखामेळ्यांचे अनंतभट्टांनी, आणि जनीचे? साक्षात पांडुरंगाने. या यादीकडे केवळ चमत्कारकथा म्हणून पाहू नये. माळ्याचे शब्द गुरव लिहितो, गावकुसाबाहेरच्या चोखोबांचे शब्द भट्ट लिहितो, आणि जिच्यासाठी कोणी लेखनिक नाही तिच्यासाठी देवाला बसावे लागते. शब्द कोणाचा आणि लेखणी कोणाच्या हाती, हा प्रश्न परंपरेने स्वतःच विचारून ठेवला आहे.

५/
पुढे हे अभंग पोहोचले ते बाडांतून. बाड म्हणजे कीर्तनकाराची हाताने लिहिलेली, शिवलेली वही. तीत एकाच कवीचे काव्य क्रमाने नसते. नामदेवांच्या शेजारी तुकाराम, मध्येच एखादी आरती, पुढे एखादे आख्यान. कीर्तनाला जे लागेल ते, लागेल त्या क्रमाने. म्हणजे बाड लिहिणारा नुसता नक्कलकार नव्हता. तो निवड करी, क्रम लावी, गाळी, जोडी. आजच्या भाषेत तो संपादक होता. फक्त त्याचे नाव बहुधा कोणाला ठाऊक नसे.

६/
या संपादनाचा एक परिणाम अटळ होता. अभंगाच्या शेवटी 'नामा' ही नाममुद्रा असली की तो नामदेवांचा, असे धरले जाई. परंतु सोळाव्या शतकात मराठी महाभारत रचणारा विष्णुदास नामा हाही 'नामा'च. दोघांच्या रचना बाडांत मिसळल्या. कोणता अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातला आणि कोणता नंतरचा, हा वाद अभ्यासकांत आजही चालू आहे. मूळ वही असती तर तो उद्भवलाच नसता.

७/
जन्मस्थानाचा वादही त्याच जातीचा. नरसी-बामणी म्हणजे हिंगोलीचेच नरसी, हे बहुमान्य मत. तरी काहींनी कऱ्हाडजवळील नरसिंगपूरचा, काहींनी पंढरपूरचा पक्ष मांडला. पुरावे सर्वांचे एकाच प्रकारचे: अभंगांतील उल्लेख आणि परंपरा. आणि ज्या नामदेवांनी 'आदी', 'तीर्थावळी' व 'समाधी' या प्रकरणांतून ज्ञानेश्वरांचे चरित्र मराठीला दिले, असे परंपरा मानते, त्यांच्याच चरित्राचा धागा असा शोधत बसावे लागते.

८/
दुसरी स्मृती पंजाबात जपली गेली. परंपरेनुसार नामदेवांच्या आयुष्याचा उत्तरकाळ गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे गेला. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. लेखनिक होते भाई गुरदास. त्यात नामदेवांची ६१ पदे १८ रागांत विभागून घेतली गेली. निवड झाली, संख्या ठरली, ग्रंथाला पावित्र्य आले. तेव्हापासून ती ६१ पदे ६१च आहेत. महाराष्ट्रात मात्र बाड उघडेच राहिले आणि अभंग वाढत गेले.

९/
एकाच कवीच्या या दोन स्मृती कुठे भेटतात? हिंगोली जिल्ह्यातच. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी नामदेवांना उपदेश केला, असे परंपरा सांगते. तिथलीच दुसरी कथा: कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळासमोरून हटवले, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. गुरू ग्रंथ साहिबमधील एका पदातही हाच प्रसंग येतो. तिथे नामदेव हीन जातीचा म्हणून उठवले जातात आणि स्वतःला 'छीपा', म्हणजे कापडावर छपाई करणारा, म्हणवतात. मराठी अभंगांत ते शिंपी आहेत. प्रांत बदलला, व्यवसायाचे नाव बदलले; हाकलले जाण्याची सल मात्र दोन्हीकडे टिकली. जपणाऱ्यांना तीच मोलाची वाटली असावी.

१०/
महाराष्ट्र शासनाने १९७० साली नामदेव गाथा प्रसिद्ध केली. वाचकाच्या हाती एक मोठा ग्रंथ आला. पण परंपरेचा हिशेब त्याने मिटत नाही. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, आणि तो अपुरा राहिल्याने ते विठ्ठलासह तुकारामांच्या स्वप्नात येऊन उरलेली संख्या पूर्ण करण्यास सांगून गेले, असे तुकोबांचा अभंग सांगतो. तीन शतकांनंतरच्या कवीवर पूर्वजाचे ऋण टाकणारी ही कल्पना आहे. अशा कवितेची गाथा बंद होत नसते.

११/
मग गमावले काय? मूळ पाठ, कालक्रम, कवीची खाडाखोड, हे सारे गेले. इतिहासकाराच्या दृष्टीने हे नुकसान खरे आहे आणि भक्तीने ते भरून निघत नाही. परंतु मिळाले तेही लहान नाही. एका माणसाच्या दप्तराऐवजी इथे अनेक पिढ्यांचे दप्तर आहे. त्यात कोणाला काय गावेसे वाटले, काय विसरावेसे वाटले, याची नोंद आपोआप झाली आहे.

१२/
हे दप्तर अजून पूर्ण वाचले गेलेले नाही. जुन्या वारकरी घरांतील माळ्यावर, फडताळात, लाल फडक्यात बाडे असू शकतात. जीर्ण पोथी नदीत सोडण्याची रीत आहे. त्यामागची श्रद्धा समजून घेता येते, पण प्रवाहात गेलेले पान परत येत नाही. विसर्जनापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, अखेरीस शके आणि लिहिणाऱ्याचे नाव असल्यास ते टिपावे, बाड कोणत्या गावचे हे नोंदवावे. नामदेवांचा कागद सापडणार नाही. त्यांचे शब्द उतरवून घेणाऱ्या एखाद्या निनावी हाताचे नाव मात्र अजून सापडू शकते.

(समाप्त)